गर्भाचा आवाज आणि ताराबाईंचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या एका कार्यक्रमासाठी मी एका इंग्रजी पत्रकाचा मराठी अनुवाद केला. विषय गर्भपाताचा होता. पत्रकात न जन्मलेले मूल स्वतः बोलत होते. आपले हृदय कधी धडधडू लागले, बोटे कधी फुटली हे ते सांगत होते आणि शेवटी आईकडे जीवदान मागत होते. अनुवाद बरा उतरला होता. वाचताना दोघा-तिघांचे डोळे भरून आले आणि मला त्याचे समाधानही वाटले. पत्रके वाटून झाल्यावर मंडळीतल्या एक वृद्ध बाई, ज्यांना आम्ही सारे मावशी म्हणतो, तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, याच्यात लेकरू बोलते, डॉक्टर बोलते, देवाचं वचन बी हाये. बाई कुठी गेली? अन् तिचा माणूस?"

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी ते पत्रक पुन्हा वाचले. आईचा उल्लेख सात-आठ वेळा होता, पण प्रत्येक वेळी ती केवळ विनवणी ऐकणारी होती. तिचे वय, घर, आजार, भीती यांतले काहीच त्यात नव्हते. बाप हा शब्द तर एकदाही आला नव्हता.

मी ख्रिस्ती आहे आणि गर्भातले जीवन मोलाचे आहे असे मानतो, हे आधीच सांगून टाकतो. ती श्रद्धा खरी की खोटी हा या लेखाचा विषय नाही. ती लोकांपुढे कोणत्या रूपात मांडली जाते आणि त्या मांडणीतून काय गळून पडते, एवढेच मला तपासायचे आहे. मावशींचा प्रश्न बुलढाण्याला नवा नाही. तो १८८२ साली छापून प्रसिद्ध झालेला आहे.

१. सुरतेचा खटला, बुलढाण्याचे उत्तर

१८८१ साली सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाचा खून केल्याचा आरोप सिद्ध झाला. सेशन्स कोर्टाने तिला फाशीची शिक्षा दिली. अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली आणि पुढे सरकारने ती आणखी कमी केली. खटल्याची चर्चा मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्रांतून पुष्कळ दिवस चालली. तिचा सूर बहुतेक एकच होता: स्त्रिया बिघडत चालल्या आहेत.

या गदारोळाला बुलढाण्यातून उत्तर गेले. ताराबाई शिंदे या बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या. बापूजी डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. ताराबाईंचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात १८८२ साली छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. टीका इतकी झाली की जोतीराव फुल्यांना १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंनी त्यानंतर काही छापले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो निबंध पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत मराठी वाचक त्याला जवळजवळ विसरून गेला होता.

ताराबाई विजयालक्ष्मीचे कृत्य चांगले होते असे म्हणत नाहीत, हे आजही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या त्या कृत्याकडे येणारा रस्ता दाखवतात. विधवेला पुन्हा लग्नाची बंदी कोणी केली, तिला आमिष कोणी दाखवले, दिवस गेल्यावर पाय काढता कोणी घेतला आणि मग न्यायाधीश, पत्रकार, पंच होऊन तिच्याविरुद्ध बोलायला कोण उभे राहिले, हे त्या एकामागून एक विचारत जातात. प्रत्येक टप्प्यावर पुरुष आहे आणि शेवटच्या टप्प्यावर, आरोपीच्या पिंजऱ्यात, तेवढा तो नाही. आपण दुष्कर्माचा हिशेब करायला बसलो आहोत ना, मग हिशेब सगळा करा, एवढीच त्यांची मागणी आहे.

त्या वेळचा कायदाही पाहण्याजोगा आहे. १८६०च्या दंडसंहितेत कलम ३१२ गर्भपाताचे आणि ३१८ जन्म लपवण्याचे. कलम ३१२ खाली स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही गुन्हेगार ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ८८ म्हणून आले आहे, आणि हा तपशील तसाच राहिला आहे. गर्भ राहायला कारण झालेल्या, नंतर नाहीशा झालेल्या पुरुषाचे त्या कलमात नावही नाही.

२. पुण्याच्या भिंतीवरची नोटीस

गर्भपात आणि बालहत्या यांविरुद्ध सार्वजनिक प्रचार म्हटले की मला फुल्यांची नोटीस आठवते. १८६३ साली पुण्यात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने आपले मूल मारले आणि तिला अंदमानची शिक्षा झाली. ती फुल्यांच्या मित्राच्या घरी स्वयंपाकाला होती. या घटनेनंतर जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर मोठ्या नोटिसा लावल्या. आशय असा की विधवांनी येथे यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यावे की येथे ठेवावे हे त्यांच्या मर्जीवर.

प्रचारसाहित्य म्हणून ही नोटीस वाचून पाहावी. ती थेट बाईला उद्देशून आहे. तिच्यात पापाचा उच्चार नाही, अर्भकाचे चित्र नाही, आईने ढाळायच्या अश्रूंची अपेक्षा नाही. तिच्यात पत्ता आहे. जीव वाचवा असे सांगणाऱ्याने आधी दार उघडून ठेवले आहे, आणि निर्णयाचा एक भाग बाईच्या हातात राहू दिला आहे.

या गृहाचा हिशेब फुल्यांनीच ४ डिसेंबर १८८४ च्या आपल्या मतपत्रात दिला आहे. मलबारींच्या टिपणांवर सरकारला कळवलेले ते मत. तोवर पस्तीस गर्भवती विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्या मुलांपैकी पाच जिवंत होती. तीस मेली होती, आणि त्याचे कारण फुले असे देतात की दिवस लपवण्यासाठी त्या बायांनी पोटात घेतलेल्या विषारी औषधांनी गर्भाला आधीच इजा झाली होती.

हा आकडा दोन्ही बाजूंना आपापल्या कामी लावता येईल. गर्भपाताचा विरोधक म्हणेल, पाहा, किती जीव गेले. कायदेशीर गर्भपाताचा समर्थक म्हणेल, पाहा, सुरक्षित उपाय नसला म्हणजे काय होते. मला त्यात तिसरी गोष्ट दिसते. पस्तीसपैकी निदान तीस बायांनी फुल्यांच्या दाराशी येण्याआधी एकटीने विष घेऊन पाहिले होते. त्यांनी मरण पत्करायची तयारी केली होती आणि मग कोणीतरी नोटीस वाचून त्यांच्या कानावर घातली होती. प्रचार उशिरा पोचला, पण पोचला तो आसऱ्याच्या रूपाने.

फुले ख्रिस्ती नव्हते, पण मिशनच्या शाळेत शिकलेले होते. त्या पिढीच्या मराठी समाजसुधारणेवर आणि ख्रिस्ती लेखनावर विधवेच्या दुःखाचा एकच ठसा आहे. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ साली आली, तिचा विषयच हिंदुस्थानातील विधवांची स्थिती हा होता. पंढरपूरला १८७५ साली निघालेले अनाथ बालकांचे गृह प्रार्थना समाजाच्या मंडळींनी चालवले. सुधारकांचे पंथ वेगळे होते, पण बाई बाहेर आणि मूल आत अशी विभागणी त्यांनी केली नव्हती.

३. रमाबाई: गणना आणि आसरा

पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक ताराबाईंच्या निबंधाबरोबर, १८८२ सालीच निघाले. पुढच्या वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८७ साली अमेरिकेत त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती झालेल्या मराठी बाईने न जगवलेल्या मुलींविषयी सार्वजनिक रीतीने कसे लिहिले, हे पाहायचे तर या पुस्तकाकडे जावे लागते.

मुलींच्या हत्येविषयी लिहिताना रमाबाई खानेसुमारीचा आधार घेतात. १८७०च्या गणनेत अमृतसर शहरातून एका वर्षात तीनशे मुले लांडग्यांनी पळवल्याची नोंद होती, आणि ती सगळी मुलींची होती, हे त्या सांगतात. त्यांचा उपरोध एवढ्यावर थांबतो. लांडग्यांना मुलगा आणि मुलगी यांतला फरक कळतो काय, हे त्यांना विचारावे लागत नाही. मेलेल्या मुलींना बोलायला लावून वाचकाला रडवणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी सरकारी आकडा पुढे ठेवला आणि बोट घराकडे दाखवले.

लिहून त्या थांबल्या नाहीत. १८८९ साली शारदा सदन, नंतर केडगावचे मुक्ती मिशन आणि तेथेच, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी, कृपासदन. आसरा देताना मूल निरपराध आणि आई अपराधी अशी निवड त्यांनी केली नाही.

याची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. १८९३ साली शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून मोठे वादळ झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आसऱ्याची किंमत धर्मांतर असते काय, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातो. फुल्यांच्या नोटिशीत बाईकडून काहीच मागितलेले नाही; त्या कसोटीवर आम्हा ख्रिस्ती लोकांना आपल्या संस्थांकडे पुन्हा पुन्हा पाहावे लागेल.

४. दुसऱ्या बाजूची जाहिरात

आता गर्भपाताच्या बाजूने झालेला प्रचार पाहू. १९६४ साली शांतिलाल शहा समिती नेमली गेली, १९६६ साली तिचा अहवाल आला आणि १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हे त्यामागचे मोठे कारण होते आणि ते खरे कारण होते. आम्ही ख्रिस्ती लोक या कायद्याविषयी बोलताना ते विसरतो.

पण कायदा लोकांपर्यंत पोचला तो जाहिरातीच्या भाषेत. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या लोकलच्या डब्यांत गर्भपाताच्या दवाखान्यांच्या जाहिराती दरासकट चिकटवलेल्या असत. त्यांत बाईला दोन गोष्टी विकल्या जात: स्वस्ताई आणि गुप्तता. पुढे गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती आल्या. आज पाचशे रुपये खर्चा म्हणजे उद्याचे हुंड्याचे लाखो वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. या जाहिराती बाईशी बोलतच नव्हत्या. त्या हुंडा देणाऱ्या बापाशी आणि सासऱ्याशी बोलत होत्या. पुरुष कुठे आहे या ताराबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्या जाहिरातवाल्यांना बरोबर ठाऊक होते.

स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. त्याच्या कलम २२ ने अशा जाहिरातींवर बंदी घातली. त्याच कायद्याचे कलम २४ मला फार महत्त्वाचे वाटते. गर्भवती स्त्रीने लिंगतपासणी करून घेतली असेल, तर पतीने किंवा नातेवाइकांनी तिला तसे करायला भाग पाडले असे न्यायालयाने, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरावे असे ते सांगते. बुलढाण्याच्या एका घरात बसलेल्या बाईने जे १८८२ साली लिहिले, ते कायद्याच्या भाषेत यायला शंभरावर वर्षे लागली.

१९७१च्या कायद्यातही एक बाई उरली होती. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण त्यात फक्त विवाहित स्त्री किंवा तिचा पती यांच्यासाठी होते. २०२१च्या दुरुस्तीने तेथे कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार असे शब्द आले. त्याच वर्षीच्या नियमांत वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीसाठी ज्या स्त्रिया नमूद आहेत, त्यांत गरोदरपणात वैवाहिक स्थिती बदललेली, म्हणजे विधवा किंवा घटस्फोटित झालेली स्त्री आहे. विधवा हा शब्द कायद्यात आरोपी म्हणून न येता गरजवंत म्हणून आला, याची नोंद गर्भपाताच्या विरोधकानेही घ्यावी.

५. भ्रूणहत्या हा शब्द

बोलभाषेत आपल्याकडे पोट पडणे आणि पोट पाडणे यांत फरक केला जातो. पहिले दुर्दैव, दुसरे कृत्य. दवाखान्यात गेलेली बाई मात्र बहुधा पिशवी साफ केली किंवा क्युरेटिंग केले एवढेच सांगते. या सगळ्यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत एक भारी शब्द येऊन बसला आहे: स्त्रीभ्रूणहत्या. भ्रूणहत्या हे धर्मशास्त्रातल्या घोर पातकाचे नाव. लिंगनिवडीविरुद्धच्या मोहिमेने तो शब्द चांगल्या हेतूने उचलला. परिणाम असा झाला की कायदेशीर गर्भपात, बलात्कारातून राहिलेला गर्भ, जीव धोक्यात असलेली आई आणि मुलगी नको म्हणून पाडलेला गर्भ हे सारे एका शब्दाखाली आले. त्या शब्दाने आपल्या ख्रिस्ती पत्रकांचेही काम सोपे केले. हत्या म्हटले की मारणारा कोण हे शोधावे लागते, आणि चित्रात एकच माणूस दिसतो: आई.

म्हैसाळची बातमी आठवून पाहावी. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या या गावात पुरलेले १९ भ्रूण सापडले. आपल्याला तो आकडा आठवतो. पण पोलीस तेथे पोचले ते गर्भपात करताना एक तरुण विवाहिता मरण पावली म्हणून. २०१२ साली परळीचे प्रकरण उघडकीला आले तेही एका बाईच्या मृत्यूमुळेच. मेलेली बाई ही दोन्हीकडे पहिली बातमी होती. सार्वजनिक स्मरणात ती दुसरीही राहिली नाही.

बुलढाणा जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९०८ मुली होत्या, २०११ साली ८५५. राज्याचे आकडे ९१३ आणि ८९४. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना २०१५ साली सुरू झाली तेव्हा निवडलेल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. मग भिंती रंगल्या. लेक नसेल तर आई, बहीण, बायको कोठून आणाल, अशा अर्थाच्या ओळी आजही गावोगाव दिसतात. सिंदखेडराजा याच जिल्ह्यात, त्यामुळे जिजाऊंचे नावही येते. या ओळी कोणाला उद्देशून आहेत? बायको आणायची ती पुरुषाला. मुलगी वाचवायची ती पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. भिंतीवरची बेटी आणि पत्रकातला गर्भ यांच्यात एक साम्य आहे: दोघांच्याही चित्रातून त्यांना पोटात वाढवणारी बाई पुसलेली असते.

६. शिकवण आणि पत्रक

आता माझ्या घरच्यांशी बोलतो. गर्भपाताचा ख्रिस्ती निषेध जुना आहे. 'दिदाखे' या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती शिकवणीत गर्भपात आणि अर्भकहत्या यांची मनाई शेजारी शेजारी आहे. पण ती मनाई कोणत्या समाजात झाली हे पाहावे. रोमन घरात जन्मलेले मूल ठेवायचे की टाकायचे हे घरचा कर्ता पुरुष ठरवी. म्हणजे ती मनाई त्या काळी आधी कर्त्या पुरुषाच्या अधिकाराला हात घालणारी होती.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे १९९५चे 'इव्हान्जेलियम व्हिटे' हे परिपत्रक गर्भपाताविरुद्ध कॅथलिक चर्चने काढलेले सर्वांत ठाम पत्र. त्याच्या एकोणसाठाव्या परिच्छेदात दोषाची वाटणी केलेली आहे. बाईवर दबाव आणणारा किंवा तिला एकटी टाकणारा बाप, घरचे, मित्र, डॉक्टर, कायदे करणारे यांची नावे तेथे क्रमाने येतात. नव्याण्णवाव्या परिच्छेदात गर्भपात केलेल्या स्त्रियांशी ते फार मायेने बोलतात. आमच्या वऱ्हाडातल्या मंडळ्या बहुतेक प्रॉटेस्टंट; पोपचे पत्र आम्हाला बंधनकारक नाही. पण प्रचारपत्रके दोन्हीकडे सारखीच असतात, आणि हे दोन परिच्छेद मला आजवर एकाही पत्रकात भेटलेले नाहीत.

मदर तेरेसांनी १९७९ साली नोबेल स्वीकारताना गर्भपाताविरुद्ध जे भाषण केले त्यावर पुष्कळ टीका झाली. त्यांच्या बोलण्याला निदान दत्तक देणाऱ्या घरांचा आधार होता. तरीही त्यांचे मागणे मुलासाठी होते. मूल देऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्या आईचे पुढे काय, हा प्रश्न रमाबाईंनी जसा हाताळला तसा त्यात येत नाही.

आणि योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग. व्यभिचारात धरलेल्या बाईला येशूपुढे आणून उभे करतात. मोशेच्या नियमशास्त्रात अशा गुन्ह्यासाठी दोघांनाही शिक्षा आहे. आणली जाते ती एकटी बाई. लहानपणापासून हा उतारा मी ऐकत आलो, पण तिच्याबरोबरचा पुरुष कुठे गेला असे कधी मनात आले नव्हते. ताराबाई वाचल्यावर आले. येशू त्या बाईचे कृत्य योग्य होते असे म्हणत नाही, पुन्हा पाप करू नकोस असेच सांगतो. पण आधी तो दगड धरलेल्या हातांकडे पाहतो. हाच क्रम ताराबाईंच्या निबंधाचा आहे. आमच्या पत्रकाचा नेमका उलटा होता.

कोणी म्हणेल, पुरुषाला दोष दिल्याने गर्भातल्या जिवाचे काय भले होते? फुल्यांच्या गृहातल्या पाच मुलांचे झाले. ती वाचली ती आईला जागा मिळाली म्हणून. आईला वगळून तिच्या पोटातल्या जिवाशी नाते जोडता येत नाही, ही भावनेची नव्हे, शरीराची गोष्ट आहे. दुसरा आक्षेप उलट दिशेने येईल: निर्णय बाईचा आहे, चर्चने बोलूच नये. ज्या जिल्ह्यात हजारामागे ८५५ मुली उरतात तेथे सगळे निर्णय बाईचेच होते असे मानणे मला कठीण जाते. निवडीची भाषा बोलणाऱ्यांनीही विचारले पाहिजे की निवडले कोणी.

ते पत्रक पुन्हा छापायचे ठरले तेव्हा मी ते नव्याने लिहून दिले. गर्भाची वाढ एका परिच्छेदात आणली. बापाविषयी, सासरविषयी, अशक्त आईच्या जिवाविषयी लिहिले. शेवटी पत्ता आणि फोन नंबर यांसाठी जागा सोडली आणि मंडळीच्या बैठकीत विचारले की येथे कोणाचे नाव घालायचे. रात्री-अपरात्री आलेल्या पोटुशा पोरीला कोण घरात घेईल, काही न विचारता, धर्माची अट न घालता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही, हे येथे लिहून ठेवतो. मग मावशींनी आपला नंबर सांगितला.

बैठकीतल्या एवढ्या पुरुषांमधून एकानेही हात वर केला नव्हता. पत्रक छापून आले आहे, नंबर एकच आहे. ताराबाईंनी मागितलेला हिशेब बुलढाण्यात अजून पुरा व्हायचा आहे.